पानगळीच्या दिवसांतलं बारीक काम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

माघ-फाल्गुनातल्या निसर्गाच्या खुणा ओळखणं आणि त्यांचे फोटो काढणं, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. निम्म्याअधिक पत्रांत पहिला प्रश्न ‘कॅमेरा कुठला घेऊ?’ हाच होता. त्याचं उत्तर आम्ही मुद्दाम मागे ढकललं आहे. कुठे आणि किती वाजता बघायचं हे ठरलं नाही, तर कॅमेऱ्याचा उपयोग नाही.

फेब्रुवारीत पुण्याच्या टेकड्यांवर सगळं वाळलेलं असतं. रोज सकाळी फिरायला जातो, पण फोटो काढावा असं काही सापडत नाही. नेमकं काय शोधू? (पुणे)

आधी चालणं कमी करा. वाटेच्या कडेचा दहा-बारा पावलांचा एक तुकडा निवडा, खाली बसा आणि तोच तुकडा दर आठवड्याला बघा.

वाळलेल्या गवतापासून सुरुवात करा. पायमोज्यात घुसणारी कुसळं याच दिवसांत सापडतात. कुसळी गवताच्या बीला एका बाजूला टोकदार सुई असते आणि दुसऱ्या बाजूला पीळ पडलेली लांब तपकिरी शेपटी. ही शेपटी ओलावा मिळाला की उलगडते, वाळली की पुन्हा पीळ घेते. या फिरण्यानेच बी मातीत रुतत जातं. घरी एक कुसळ मातीच्या गोळीत सुईकडून उभं खोचा, मागे काळा कागद लावा, पिळावर ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडा आणि व्हिडिओ चालू ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना दिसेल. मात्र कुसळ पूर्ण वाळलेलं हवं. पहाटे दवात भिजलेलं आणलंत तर ते आधीच उलगडलेलं असतं आणि थेंबाने काहीच होत नाही.

मग कातळाच्या पुढे आलेल्या कडेखाली बघा. दव पडत नाही अशा भुसभुशीत धुळीत दोन-चार सेंटीमीटर रुंदीचे, नरसाळ्यासारखे खड्डे असतात. तळाशी मुंग्यांची वाट बघत एक अळी दडलेली असते. गवताच्या काडीने कड हलकेच उकरली की ती खालून माती उडवते. कॅमेरा खड्ड्याच्या बरोबर वर धरा, पण ऊन बाजूने हवं. डोक्यावरच्या उन्हात खड्डा सपाट दिसतो. मजा म्हणून मुंग्या आत टाकू नका.

यानंतर मान वर करा. कांडोळाचं झाड या दिवसांत पूर्ण निष्पर्ण असतं. पांढरट-गुलाबी साल कागदासारखी सुटत असते, फांद्यांच्या टोकांना बारीक हिरवट-पिवळ्या, चिकट फुलांचे घोस असतात. इतर झाडांवर गळलेल्या पानाचा वण शोधा. नवा कोंब बहुधा त्या वणाच्या लगेच वर असतो. पालवी फुटायच्या आधीचा हा फोटो असला, तर पुढच्या फोटोंना अर्थ येतो.

टेकडीवर गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसली तर ती बहुतेक गिरिपुष्पाची. लागवडीतलं परदेशी झाड आहे. फोटो जरूर काढा, पण ‘सह्याद्रीतला वसंत’ असं त्याखाली लिहू नका.

गवतावरच्या दवाचे फोटो मोबाइलवर कायम धूसर येतात. उपाय सांगा. (वाई)

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, म्हणून उत्तर जरा लांब.

दव कुठे पडतं हे आधी. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की गवताचं पातं आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा गार होतं आणि त्यावर बाष्प जमतं. झाडाखालच्या गवताला वरून छत मिळतं, म्हणून तिथे दव नसतं. ढगाळ रात्रीनंतर पहाटे उठून जाण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो, त्यानंतरचा तास-सव्वा तास तुमचा. महिनाअखेरीस देशावरची हवा कोरडी होते, मग दव नदीकाठी आणि पाणी दिलेल्या शेतातच सापडतं.

अशा शेतात गव्हाच्या पात्याच्या अगदी टोकाला एकच टपोरा थेंब दिसतो. स्ट्रॉबेरीच्या पानाच्या प्रत्येक दात्यावर असाच एकेक थेंब असतो. हे दव नाही. रात्री मुळांच्या दाबाने झाडानेच बाहेर सोडलेलं ते पाणी आहे. दव पात्याच्या उघड्या पृष्ठभागावर बारीक आणि दाट असतं, हे थेंब मोजके आणि ठरलेल्या जागी असतात. एकाच चौकटीत दोन्ही मिळाले तर तो फोटो आम्हाला हवा आहे.

आता धूसरपणा. खूप जवळ गेलात की अनेक महागडे फोन आपोआप रुंद कोनाच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात. मग फोन दोन-चार सेंटीमीटरवर न्यावा लागतो आणि त्याचीच सावली थेंबावर पडते. सेटिंगमधलं हे आपोआप मॅक्रो बंद करा. मुख्य कॅमेरा ‘दोन पट’वर ठेवा आणि बारा-पंधरा सेंटीमीटरवरून फोटो काढून नंतर कापा. स्वस्त फोनवरचा दोन मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ कॅमेरा विसरून जा. त्याचा फोकस बहुतेकदा साधारण चार सेंटीमीटरवर कायमचा बांधलेला असतो आणि तपशीलही फारसा मिळत नाही. मुख्य कॅमेऱ्याचा कापलेला फोटो त्याहून सरस येतो.

थेंबावर बोट दाबून धरा, फोकस आणि प्रकाश लॉक होऊ द्या. पडद्यावरची सूर्याची खूण थोडी खाली ओढा, नाहीतर थेंबातली चमक पांढरी फटक जाते. मग पुन्हा टॅप न करता फोन अगदी सावकाश पुढेमागे न्या आणि सलग दहा-बारा फोटो घ्या. त्यातला एखादा नेमका बसतो.

पातं हलतं, हे दुसरं कारण. बाजूला एक काडी रोवून कपड्यांच्या चिमट्याने पात्याचा खालचा भाग तिला धरा. वरून धरलंत तर थेंब ओघळतात. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवा. कॅमेरा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० पर्यंत नेला तरी चालेल. थोडा दाणेदारपणा खपतो, हललेला थेंब खपत नाही.

थेंबामागे दोन-तीन सेंटीमीटरवर फूल आलं तर त्याची उलटी प्रतिमा थेंबात दिसते. इथे फोकस थेंबाच्या कडेवर नाही, आतल्या प्रतिमेवर हवा. दोन्ही एकाच पातळीत नसतात. दव धरलेलं कोळ्याचं जाळं मिळालं तर फोन जाळ्याला अगदी समांतर धरा. जरासा तिरका झाला की एक बाजू विरघळलीच. ऊन जाळ्याच्या मागून तिरकं यावं, त्यामागे सावलीतला काळोख असावा, आणि लेन्सवर थेट ऊन येऊ नये म्हणून दुसऱ्या हाताची आडोशाची सावली.

लेन्सवरही दव पडतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिपाईवर कॅमेरा आकाशाकडे तोंड करून अर्धा तास ठेवला तर समोरची काच गवताच्या पात्यासारखीच गार होते. फोटो नसेल तेव्हा झाकण लावा. कोकणात उलटा प्रकार होतो: एसी खोलीतून बाहेर आणलेला कॅमेरा दमट हवेत लगेच धुकट होतो. बंद पिशवीतच वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग काढा.

आणि हो, फवाऱ्याने पाणी मारून ‘पहाटेचं दव’ म्हणून पाठवू नका. फवाऱ्याचे थेंब देठावर, पानाच्या खालच्या बाजूला, कसेही पडलेले असतात. कळतं.

महाबळेश्वरचं हिमदव बघायचं आहे. तापमान चार-पाच अंश असताना बर्फ कसा होतो? (कराड)

हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजतात. त्याच वेळी उघड्यावरचं गवत किंवा गाडीचं छप्पर शून्याखाली गेलेलं असू शकतं. वेण्णा तलावाच्या परिसरात थंड हवा सखल भागात साचते, म्हणून तिथे हिमदव दिसतं. डिसेंबर-जानेवारी हा मुख्य काळ, फेब्रुवारीत नशीब लागतं. उजाडायच्या आधी पोहोचा, ऊन लागताच खेळ संपतो. पांढऱ्यामुळे कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे उजेडाची मात्रा, अधिक ०.७ (+०.७) वर ठेवा. सगळं गवत घेण्यापेक्षा एका पानाची कड घ्या. स्फटिक कडेवर आणि केसांवर उठून दिसतात.

पळसाच्या फुलांचा फोटो म्हणजे नुसता केशरी गोळा होतो, पाकळी दिसतच नाही. शिवाय लांबून पळस, पांगारा आणि काटेसावर यांत गोंधळ होतो. (चंद्रपूर)

गोंधळ आधी सोडवू. तिन्ही झाडं पानं झडल्यावर फुलतात आणि तिन्ही लाल दिसतात, म्हणून रंगावर जाऊ नका. काटेसावरीचं खोड सरळ असतं आणि फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यांनी आडव्या निघतात. फुलं मोठी, जाड, वाटीसारखी. पळस बुटका, वेडावाकडा, फांद्या फुलांनी लगडलेल्या. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या अगदी टोकाला तुऱ्यात, बाकी फांदी बोडकी. जवळ गेलात की जमिनीवरचं फूल उचला. पाच जाड पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुपका असेल तर सावर. पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी आणि देठाशी काळपट मखमली वाटी असेल तर पळस. एकच मोठी लांबट पाकळी आणि बाहेर डोकावणारे केसर असतील तर पांगारा. चुकूनमाकून एखादं पान राहिलं असेल तर आणखी सोपं: पळसाला पानं तीनच, पांगाऱ्यालाही तीन, सावरीचं पान मात्र पंजासारखं पाच-सात पर्णिकांचं.

आता केशरी गोळा. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो. पळसाच्या फुलातून लाल इतका येतो की लाल वाहिनी काठोकाठ भरून ओसंडते, पण एकूण उजेड मात्र ठीक दिसतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) म्हणूनच फसवतो. तिन्ही रंगांचा वेगळा आलेख दाखवणारा पर्याय चालू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकं एक्स्पोजर उतरवा. बहुधा उणे ०.७ ते उणे १ लागतं. शक्य असेल तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये घ्या. ‘व्हिव्हिड’ बंद करून ‘न्यूट्रल’ ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ‘डेलाइट’वर हवा; ऑटो केशरी रंगाला दुरुस्त करायला जातो आणि फूल गुलाबट होतं. मोबाइलवर फुलावर टॅप करून उजेड खाली ओढा आणि नंतर रंग वाढवू नका. नव्वद टक्के पळस तिथेच बिघडतात.

पाकळीवर बाहेरून रेशमी लव असते. ती दिसायला ऊन बाजूने हवं, म्हणजे साडेसात ते नऊ. दुपारच्या उन्हात लव नाहीशी होते आणि उरतो तो गोळा. भोरड्यांचे थवे आणि सूर्यपक्षी मधासाठी सावर-पळसावर सकाळीच येतात. झाडापासून पंधरा-वीस मीटरवर सूर्याकडे पाठ करून थांबलात तर त्यांना शोधत फिरावं लागत नाही. फांदी मोडू नका. ताजी गळलेली फुलं खाली भरपूर असतात.

आंब्याच्या मोहराचा जवळून फोटो काढायचा आहे. काही तुरे चिकट आणि काळे का पडलेत? (देवगड)

मोहराचं एकेक फूल पाच-सहा मिलिमीटरचं. एकाच तुऱ्यात दोन प्रकारची फुलं असतात: काही फक्त नर, काही दोन्ही अवयव असलेली. मधे हिरवट-पिवळी बारीक गोळी दिसली तर ते फळ धरू शकणारं फूल. बहुतेक फुलात परागकण देणारा पुंकेसर एखादाच असतो, त्याचं टोक गुलाबी असतं आणि पुढे जांभळट होतं. पाकळ्यांवरच्या उंच रेषा आधी पिवळ्या, मग गुलाबी-नारिंगी होतात. त्यावरून ताजं फूल आणि शिळं फूल ओळखता येतं. एका चौकटीत हे सगळं आलं तर फोटो नुसता सुंदर राहत नाही, उपयोगी होतो.

चिकटपणा तुडतुड्यांचा. पाचरीच्या आकाराचे चार-पाच मिलिमीटरचे कीटक रस शोषतात आणि गोड चिकट द्रव सोडतात. त्यावर काळी बुरशी वाढते. तुऱ्यावर टिचकी मारली की ते टुणकन उडतात, म्हणून फोटो टिचकीच्या आधी. पांढरी पिठासारखी साय असेल तर ती भुरी, वेगळा रोग.

बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा, आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. मोहरावर कीटकनाशक मारलेलं असतं आणि आपण नाक तिथेच नेतो. वेळ नऊच्या आतली. पुढे समुद्रावरून वारा सुटतो आणि तुरा थांबत नाही.

डीएसएलआर आहे, १८-५५ आणि ५५-२०० लेन्स आहेत. मॅक्रो लेन्स परवडत नाही. क्लोज-अप काच घेऊ की एक्स्टेन्शन ट्यूब? (नाशिक)

तुमच्याकडे २०० मिमीपर्यंतची लेन्स आहे, म्हणून लेन्सच्या पुढे लावायची क्लोज-अप काच. हिशेब सोपा आहे. काचेची शक्ती डायॉप्टरमध्ये असते. लेन्सचा फोकस अनंतावर असताना १ ला त्या आकड्याने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं: +४ ची काच २५ सेंटीमीटरवर, +१० ची १० सेंटीमीटरवर. मोठेपणा म्हणजे लेन्सची मीटरमधली फोकल लांबी (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा) गुणिले डायॉप्टर. ५५ मिमीवर +४ लावली तर ०.२२ पट, २०० मिमीवर तीच लावली तर ०.८ पट. तुमच्या सेन्सरची रुंदी साधारण २३ मिमी, म्हणजे ०.८ पटीला सुमारे २९ मिमी रुंदीची चौकट भरते. मोहराची चार-पाच फुलं त्यात मावतात. शिवाय २५ सेंटीमीटर दूर राहता येतं, कीटक उडत नाही.

कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसणाऱ्या ट्यूबचा हिशेब उलटा: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी. २५ मिमीची ट्यूब ५० मिमीच्या लेन्सला अर्धा पट देते, २०० ला फक्त एक अष्टमांश. आखूड लेन्स असणाऱ्यांनीच ट्यूब घ्यावी, आणि विजेचे संपर्क असलेली. संपर्क नसलेल्या स्वस्त ट्यूबवर आजच्या बहुतेक लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. ते पूर्ण उघडं राहतं आणि फोकस केसाएवढा उरतो.

काच एकेरी घेतलीत तर कडांना जांभळी-हिरवी झालर येते. दोन काचा जोडलेली ‘अक्रोमॅट’ घ्या. फिल्टरच्या व्यासाची खात्री लेन्सच्या पुढच्या कडेवर लिहिलेल्या आकड्यावरून करा.

फोकसच्या खोलीबद्दल भ्रम नको. एकास एक प्रमाणात (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच असताना) एफ/११ एवढ्या लहान छिद्रावरसुद्धा तुमच्या सेन्सरवर जेमतेम एक मिलिमीटर स्पष्ट येतो. एफ/२२ वर गेलात तर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. एफ/८ ते एफ/११ वर थांबा आणि कॅमेरा फुलाच्या महत्त्वाच्या भागाला समांतर करा. हाताने फोकस ठरवा, मग आपणच पुढेमागे झुका.

तांबट पक्ष्याने शेवग्याच्या वाळक्या फांदीला भोक पाडलंय. जवळ जाऊन फोटो काढू का? (सोलापूर)

नको. तांबट झुकलेल्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला घरटं कोरतो. खाली पडलेला ताजा भुसा हीच त्याची खूण, तिचा फोटो बिनधास्त काढा. पक्ष्याचा काढायचा तर लांबून, फ्लॅशशिवाय, आणि आवाजाची ध्वनिफीत न वाजवता. चोचीत किडा किंवा फळ धरून तो शेजारच्या फांदीवर थांबून राहिला, तर तुम्ही जास्त जवळ आहात, मागे या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत येतं. या स्तंभातही घरट्याचे फोटो छापले जात नाहीत.

इथे फेब्रुवारीत स्नोड्रॉप सोडलं तर काही नाही. तेही पांढरे डाग येतात. (लेस्टर, इंग्लंड)

डाग येतात, कारण फूल काळ्या मातीवर आहे. कॅमेरा माती उजळवायला जातो आणि पाकळी जळते. उणे ०.७ ठेवा, हिमावर असेल तेव्हा मात्र अधिक १. फूल खाली मान घालून असतं, म्हणून कॅमेरा जमिनीला टेकवा आणि फुलाखाली पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा धरा. आतल्या तीन आखूड पाकळ्यांवरची हिरवी खूण तेव्हाच दिसते.

आणि हेझलचं झुडूप शोधा. लोंबते पिवळे तुरे सगळ्यांना दिसतात, ते नर. त्याच डहाळीवर कळीसारखं काहीतरी असतं आणि त्यातून दोन-चार मिलिमीटरचे किरमिजी धागे बाहेर आलेले असतात. तेच मादीफूल. पराग वाऱ्याने जातो, पानं आड येऊ नयेत म्हणून हे सगळं पालवीच्या आधी उरकतं. डहाळीला हात लावण्याआधी फोटो घ्या, तुरा हलला की पराग उडून जातो.

फोटो खूप जमलेत, पण नंतर कुठला कधीचा कळत नाही. नोंद कशी ठेवावी? (अमरावती)

प्रत्येक झाडाचे तीन फोटो: पूर्ण झाड, साल दिसेल अशी फांदी, आणि फूल किंवा कोंब. तिसऱ्यात एकदा तरी मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून घ्या, फुलाचा आकार नंतर आठवत नाही. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, म्हणजे फाइली आपोआप ओळीत लागतात. पुढे झाड, जागा, अवस्था. उदाहरणार्थ ‘२०२५-०२-१६ पळस तलावकाठ कळ्या’.

अवस्थेसाठी लांब वर्णन लिहायला जाल तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळाल. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं, एवढे रकाने पुरतात. प्रत्येकात ‘नाही’, ‘थोडी’ (झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी) किंवा ‘पुष्कळ’. ‘नाही’ हे लिहायचंच. रिकामा रकाना म्हणजे फूल नव्हतं की बघितलं नाही, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. एकच झाड दर आठवड्याला अशा पद्धतीने बघणाऱ्यांसाठी ‘सीझनवॉच’ हा देशभरचा उपक्रम आहे, नोंदी तिथे देता येतात. दुर्मिळ वनस्पती किंवा घरटं असेल तर फोटो पाठवण्याआधी त्यातली जागेची माहिती काढून टाका. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला दिलेली ‘लोकेशन’ परवानगी बंद केली की पुढच्या फोटोंत ती येत नाही, जुन्या फोटोंतून मात्र वेगळी काढावी लागते.